रोबोटिक्स लॅब (गोव्यातली)

आजूबाजूचं बघून स्वतः ठरवून हालचाल करणारी यंत्रं जिथे बनवतात, बिघडवतात आणि परत जोडतात ती कॉलेज-विद्यापीठातली जागा. पुस्तकातला ‘यंत्रमानव’ लॅबमध्ये कोणी म्हणत नाही, सगळे ‘बॉट’ म्हणतात, आणि तेच बरं, कारण पाण्यातल्या बॉटला हात-पाय-डोकं काहीच नसतं, नुसता लांबट नळा. मूळ शब्द चेक, कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातला, ‘रोबोता’ म्हणजे वेठबिगार. तो सुचवला भाऊ योसेफने, असं कारेलनेच सांगून ठेवलंय. (रात्री दोनला सोल्डरिंग करत बसलेल्या जेआरएफला, म्हणजे शिष्यवृत्तीवरच्या संशोधक विद्यार्थ्याला, वेठ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.)

विद्यापीठात बनलेलं पहिलं स्वायत्त, म्हणजे स्वतः ठरवून चालणारं, यंत्र कुठलं यावर एकमत नाही. काहीजण मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टरच्या ब्रिस्टलमधल्या यांत्रिक कासवांकडे बोट दाखवतात, साधारण १९४८-४९, उजेडाकडे सरकत जाणारी. पण ती कासवं विद्यापीठात नव्हे, मेंदूविज्ञानाच्या संस्थेत जन्मली. बहुतेक ग्रंथ ‘शेकी’ या चाकांवरच्या बॉटला मान देतात, १९६६ ते १९७२, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट, रस्ता शोधायचं ए-स्टार अल्गोरिदम (१९६८) त्याच कामातून आलं. तीही संस्था १९७०ला विद्यापीठापासून वेगळी झाली, म्हणजे तिला ‘विद्यापीठातली लॅब’ म्हणायचं की नाही ते तुम्ही कुठल्या सालाबद्दल बोलताय त्यावर. पाण्याखालची मंडळी वॉशिंग्टन विद्यापीठाचं ‘स्पर्व्ह’ हे पाणयान पुढे करतात, काम १९५७च्या आसपास सुरू झालेलं. त्याला वरच्या जहाजावरून ध्वनीने हुकूम जायचे म्हणून ते खरं स्वायत्त नाही असा आक्षेप आहे. पण वंशावळ काढायची तर गोव्याला स्पर्व्हच जवळचं वाटतं.

कारण दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (१९६६). ती विद्यापीठ नव्हे, सीएसआयआरची प्रयोगशाळा, पण तिथे २०००च्या दशकात ‘माया’ हे पाणयान तयार झालं, पावणेदोन मीटरच्या आसपास लांब, वजन सुमारे ५५ किलो, २०० मीटर खोलीपर्यंत जाणारं. गोव्यातली शिकवणारी तंत्रसंस्था मागाहूनच्या: जुवारीनगरचा बिट्सचा कॅम्पस २००४चा, एनआयटी २०१०ची, आयआयटी २०१६ची.

संशोधनातला खरा प्रश्न एकच: मी कुठे आहे? जीपीएसचे रेडिओतरंग पाणी गिळून टाकतं, त्यामुळे बुडी मारली की बॉट आंधळा. मग प्रवेग मोजायचा, त्यावरून वेग, वेगावरून अंतर. सेन्सरमध्ये सेकंदवर्गाला फक्त ०.०१ मीटरची कायमची चूक धरा, एका मिनिटाने १८ मीटरचा घोळ, दहा मिनिटांनी १८०० मीटर, कारण चूक वेळेच्या वर्गाने वाढते. म्हणून तळावर ध्वनी आपटून वेग मोजणारा डॉपलर लॉग लावतात, कालमन फिल्टर या गणिती रीतीने (१९६०) सगळ्या सेन्सरांच्या मापांची गोळाबेरीज करतात, आणि तरीही मधूनमधून वर येऊन जीपीएस घ्यावंच लागतं. होकायंत्राचे वेगळेच नखरे, स्वतःच्या मोटरने भरकटतं, आणि मांडवीत खनिजाच्या बार्जजवळ चाचणी घेतली तर तिच्या लोखंडाकडे वळतं.

लॅबमधला दिवस बाहेरून वाटतो तसा कोडिंगचा नसतो, ओ-रिंगचा असतो. नळ्याचं झाकण लावण्याआधी रबराची ती कडी पुसायची, बोटाने सिलिकॉन ग्रीस फिरवायचं, उजेडात धरून बघायची, मग आतली हवा ओढून गेज अर्धा तास हलत नाही ना ते पाहायचं. एका ठिकाणी गेज हळूहळू सरकत होतं, तासभर सगळे कनेक्टर तपासले, शेवटी कडीखाली डोक्याचा एक केस निघाला. त्यानंतर तिथे झाकण लावताना टोपी सक्तीची झाली.

सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकातल्या नकली पाण्यात, चालतं ते खऱ्या पाण्यात चालत नाही, हे वाक्य जवळपास प्रत्येक बॅचच्या तोंडी असतं, आणि गाईड ते ऐकून फक्त ‘लॉग दाखव’ म्हणतात, म्हणजे बॉटने साठवलेल्या नोंदी. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी फुगली की बाजूला काढून वाळूच्या बादलीत. समुद्रातून परत आलं की आधी गोड्या पाण्याने धुणं, मग डेटा, मग भाजीपाव.

पावसाळ्यात समुद्रातल्या चाचण्या जवळपास बंदच. जून-जुलैत मासेमारीबंदीने ट्रॉलरही धक्क्याला लागलेले असतात, आणि लॅबमध्ये दमट हवेने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. मग सिलिका जेलच्या पुड्या तापवून परत कोरड्या करणं, पेपर लिहिणं, आणि नवीन आलेल्यांना ग्रीस किती लावायचं ते शिकवणं, एवढंच सप्टेंबरपर्यंत चालतं.