वाळू अडवणाऱ्या नायकाचा उत्तरार्ध

फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ (१९६५) या विज्ञान कादंबरीचा पुढचा भाग, ‘ड्यून मेसाया’, १९६९ मध्ये आला, तेव्हा पहिल्या भागाचे अनेक चाहते हिरमुसले. वाळवंटी ग्रह जिंकणारा पॉल या भागात सम्राट आहे. परंतु त्याच्या नावाने चाललेल्या धर्मयुद्धात ६१ अब्ज माणसे मेली आहेत आणि ते युद्ध आवरणे त्याच्या हाती उरलेले नाही. पहिली कादंबरी क्रमशः छापणारे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी हा भाग नाकारला. रत्नागिरीतील आमच्या वाचक मित्रांमध्येही त्यावरून दोन तट आहेत. मला नायकाची घसरण पटते. खटकते ते असे की, राजवाड्यातील कारस्थानांच्या गर्दीत पहिल्या भागातले पर्यावरणशास्त्र मागे पडते. या कथेचे बीजच मुळात वाळूच्या अभ्यासात होते.

१९५७ मध्ये हर्बर्ट अमेरिकेतील ओरेगॉन किनाऱ्यावर, फ्लॉरेन्स गावाजवळ, सरकत्या वाळूच्या टेकड्या गवत लावून थोपवण्याचा सरकारी प्रयोग पाहायला गेले होते. वारा पुरेसा जोराचा असला की वाळूचे कण उड्या मारत पुढे सरकतात आणि पडताना इतर कणांनाही उडवतात. गवताच्या पात्यांमुळे जमिनीलगतचा वारा मंदावतो, कण तिथेच बसतात आणि ढीग वाढू लागतो. त्यासाठी लावलेले युरोपीय मॅरम गवत वाळूत गाडले गेले तरी मरत नाही, उलट वर वाढत राहते. रस्ते आणि वस्त्या वाचवणारे हे गवत त्या काळी खरोखर नायक होते.

त्याचा उत्तरार्ध मात्र कादंबरीइतकाच कटू निघाला. गवताने समुद्रालगत उंच बांध उभा केला, आतल्या टेकड्यांना वाळू मिळेनाशी झाली आणि उघड्या वाळूवर घरटी करणाऱ्या स्नोई प्लोव्हर पक्ष्यांची जागा आक्रसली. आता तिथे काही ठिकाणी हेच गवत यंत्रांनी उपटून काढावे लागते.

कोकणात ही भूमिका सुरूच्या झाडाकडे आली. मुळांवरील गाठींतील फ्रँकिया जिवाणूंच्या मदतीने हवेतला नायट्रोजन वापरणारे हे झाड निकस वाळूतही झपाट्याने वाढते, नारळी-पोफळीच्या वाड्यांना खारा वारा कमी लागू देते आणि शिवाय जळणही पुरवते. पण त्याच्या झडलेल्या काड्यांचा जाड थर खाली दुसरे फारसे काही उगवू देत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दिवेआगर, श्रीवर्धन परिसरात ही झाडे मोठ्या संख्येने उन्मळून पडली. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या दृष्टीने तर सावलीचाही हिशेब करावा लागतो, कारण पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते. थंड वाळूत नर अधिक निपजतात.

म्हणून सगळी सुरूची बने तोडावीत, असे मी म्हणणार नाही. वाडीवाल्यांना वाऱ्याची आड हवीच. मात्र नवी लागवड भरतीरेषेपासून बरीच मागे ठेवावी आणि समुद्राकडची पट्टी मर्यादवेलीला सोडावी. ती जमिनीसरपट पसरून वाळू धरते आणि किनाऱ्यावर सावलीची भिंत उभी करत नाही.