झांझिबार दिवाळीत की मेमध्ये? 'मसिका' आणि 'वुली' या दोन पावसांतला फरक

पूर्व आफ्रिकेत, टांझानियाच्या किनाऱ्याजवळ असलेल्या झांझिबार बेटाचा बेत आखताना बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. कुठल्याही प्रवासाच्या साइटवर बारा महिन्यांचा तक्ता असतो. त्यात एप्रिल-मेपुढे 'पावसाळा' लिहिलेलं असतं आणि नोव्हेंबरपुढेही तेच. आपल्याकडे घरातल्या सगळ्यांना एकदम सवड मिळते ती नेमकी याच दोन वेळांना, दिवाळीत आणि मे महिन्यात. मग एक तर बेतच बारगळतो, नाही तर 'पाऊस दोन्हीकडे आहेच, मग मेमध्ये निदान स्वस्तात तरी होईल' असा हिशेब करून नको तो महिना गाठला जातो.

हे दोन पाऊस सारखे नाहीत. तिथल्या लोकांनी त्यांना नावंही वेगळी दिली आहेत. मार्च ते मे पडतो तो मसिका आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत पडतो तो वुली.

झांझिबार विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे सहा अंशांवर आहे. सूर्याच्या मागोमाग सरकणारा ढगांचा पट्टा त्यामुळे या बेटावरून वर्षातून दोनदा जातो, एकदा उत्तरेकडे जाताना आणि एकदा दक्षिणेकडे परतताना. पट्टा तोच, पण खालचा समुद्र दोन्ही वेळी सारखा नसतो. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळाभर तापलेलं पाणी वर्षातलं सगळ्यात गरम असतं आणि त्याच सुमारास आग्नेयेकडून येणारा कुसी वारा जोर धरू लागतो. दमट वारा आणि गरम पाणी एकत्र आल्यावर व्हायचं तेच होतं. ऑक्टोबरात परतताना मात्र या पट्ट्याला चार-पाच महिने कुसीने घुसळून गार केलेला समुद्र मिळतो. वारा दिशा बदलण्याच्या बेतात असल्यामुळे तोही मंदावलेला असतो.

आकड्यांत सांगायचं तर एप्रिल हा तिथला सगळ्यात ओला महिना. तेव्हा तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, नोव्हेंबरात साधारण त्याच्या निम्मा. यावर मुंबईकर हसेल, कारण सांताक्रूझला एकट्या जुलैत आठशेच्या वर पडतो. हसणं रास्त आहे, पण मसिकाचा त्रास मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही. सलग ढगाळ दिवस, न वाळणारे कपडे, गावांकडच्या कच्च्या रस्त्यांवर डबकी, आणि ओढ्यांतून येणाऱ्या मातीमुळे गढूळ झालेलं किनाऱ्याजवळचं पाणी, म्हणजे प्रवाळ बघायला गेलात तर बघायला फारसं काही नाही. किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं या दिवसांत डागडुजीसाठी चक्क बंद असतात. जी उघडी असतात ती दर उतरवतात, आणि त्या दरांना भुलूनच आपली मंडळी मे महिन्यात तिथे पोचतात. (मेच्या अखेरीस जोर ओसरतो आणि जूनपासून हवा कोरडी, सुखद होते. शाळा आड येत नसेल तर जून सरस.)

वुलीचा रंग निराळा. सर येते, तासाभरात रस्ते वाहते करते आणि निघून जाते. मग पुन्हा ऊन पडतं आणि मुंबईच्या ऑक्टोबरसारखा घाम काढणारा उकाडा सुरू होतो. तापमान तिशीच्या थोडं वर असतं. वारा पडलेला असल्यामुळे समुद्र बहुधा शांत असतो, मुख्य भूमीवरच्या दार-एस-सलामहून दोनेक तासांत येणारी फेरी जुलै-ऑगस्टच्या मानाने कमी हलते, आणि दोन सरींच्या मधल्या वेळात पाण्याखालचंही चांगलं दिसतं. शिवाय आंबे! तिकडचा आंब्याचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. दाराजानीच्या बाजारात 'दोदो' आंब्यांचे ढीग लागलेले असतात. हापूसशी तुलना करू नये, पण ऐन दिवाळीत हिरवट सालीचा, टपोरा, रसदार आंबा कापून खायला कोण नाही म्हणेल?

एक गोष्ट मात्र तक्त्यात कधीच नसते. मसिका बऱ्यापैकी भरवशाचा आहे, वुली नाही. काही वर्षी तो तोंड दाखवून जातो, तर काही वर्षी पूर आणतो, आणि याची दोरी हिंदी महासागराच्या हातात आहे. महासागराची पश्चिम बाजू पूर्वेपेक्षा जास्त तापली, म्हणजे हवामानखात्याच्या भाषेत 'इंडियन ओशन डायपोल' धन झाला, की पूर्व आफ्रिकेतला हा पाऊस फुगतो. 1997, 2019 आणि 2023 या तिन्ही वर्षी तसंच झालं. त्यातल्या 1997 आणि 2023 मध्ये जोडीला एल निनोही होता. आपल्याकडे एल निनो म्हटलं की दुष्काळाची धास्ती, तिकडे वुलीत नेमकी उलटी. म्हणून दिवाळीचं तिकीट काढायच्या आधी महिन्याचं सरासरी पर्जन्यमान बघण्यापेक्षा सप्टेंबरच्या सुमारास आपल्याच हवामानखात्याच्या अंदाजात डायपोलबद्दल काय म्हटलंय ते बघावं. डायपोल जोरात धन असेल तर मी डिसेंबरअखेरपर्यंत थांबेन.

सर आली तर करायचं काय, हा प्रश्न स्टोन टाउनमध्ये फारसा पडत नाही. हे जुनं शहर प्रवाळाचा दगड आणि चुना यांनी बांधलेलं आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंचे सज्जे एकमेकांना भिडायला आलेले. घरांच्या भिंतींना लागून दगडी ओटे असतात, त्यांना बराझा म्हणतात. एरवी त्यांवर कॉफी आणि गप्पा चालतात, आणि गल्लीतून पाणी वाहायला लागलं की लोक त्यांच्यावरून चालत पुढे जातात. पाचगणीच्या शाळेत शिकलेला, 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी इथलाच, त्याचं छोटं संग्रहालय 2019 पासून आहे. 1883 चा सुलतानाचा राजवाडा 'हाउस ऑफ वंडर्स' मात्र बघायला मिळेलच असं धरून चालू नका. 2020 च्या डिसेंबरात त्याचा मोठा भाग कोसळला. फोरोधानीच्या बागेतल्या संध्याकाळच्या खाऊगाड्या उघड्यावर असतात, त्यामुळे मसिकात तिथे जाण्यात गंमत नाही. वुलीत सर ओसरली की दिवे पेटतात. तिथे उरोजो मागावं. आंबट, पिवळाधमक पातळ रस्सा, त्यात बटाटा, भजी (तिकडेही त्यांना 'बजिया'च म्हणतात), कसावाचा कुरकुरीत कीस आणि वर नारळाची चटणी. शाकाहारी असाल तर मांसाचे तुकडे आणि अंडं घालू नका हे आधीच सांगा, वाडगा भरल्यावर नव्हे.

डासांची तयारी दोन्ही मोसमांत हवी. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

शेवटी भरती-ओहोटी. तिचा पावसाशी संबंध नाही, पण तिने बिघडवलेल्या सहली पावसाने बिघडवलेल्यांपेक्षा बहुधा जास्तच असतील. पाजे, जांबियानी या पूर्व किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी तीन-चार मीटर चढतं-उतरतं, आणि ओहोटी सकाळी दहाच्या आसपास येते. म्हणजे न्याहारी करून तुम्ही पोहायला निघता तेव्हा समुद्र पार खडकांच्या रांगेपलीकडे गेलेला असतो आणि मधल्या चिखलवाळूत बायका समुद्री शेवाळाची शेती करत असतात. कोकणातला माणूस तिथी बघूनच समुद्रावर जातो, तेच इथे करावं. लक्ष्मीपूजनाची अमावास्या सहलीत येत असेल तर ते दोन-तीन दिवस उत्तरेच्या नुंग्वी किंवा केंडवाला काढावेत, कारण तिथे ओहोटीतही पोहता येतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पूर्व किनारा गाठावा.