सडा ओसाड कोणी ठरवला? शास्त्रज्ञांच्या शपथेची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोठा प्रकल्प यायचा म्हटला की जनसुनावणी लागते आणि तिच्या आधी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल येतो. जाडजूड अहवाल इंग्रजीत, मराठीत तेवढा सारांश. आत तज्ज्ञांच्या सह्या. सही करणारा बांधील कोणाला, हा वाद मात्र कोकणातला नव्हे. तो बराच जुना आहे.

वैद्यांना शपथ पूर्वापार आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याने काय पाळायचं ते सांगितलंय. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर, १९४८ साली, जिनिव्हा घोषणापत्राने हिप्पोक्रॅटिसच्या शपथेला नवं रूप दिलं. भौतिकशास्त्रज्ञांना जाग आली ती अणुबॉम्बमुळे. जर्मनी बॉम्ब बनवत नाही असं कळताच भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रॉटब्लॅट १९४४ च्या अखेरीस अमेरिकेचा अणुबॉम्ब बनवणारा मॅनहॅटन प्रकल्प सोडून निघाले. अण्वस्त्रांच्या धोक्याचा इशारा देणाऱ्या १९५५ च्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली, १९५७ साली याच प्रश्नावर शास्त्रज्ञांच्या पग्वॉश परिषदा सुरू झाल्या. १९९५ चं शांततेचं नोबेल घेताना त्यांनी शास्त्रज्ञांसाठीही अशीच शपथ हवी, असं सुचवलं. २००७ मध्ये ब्रिटनचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार डेव्हिड किंग यांनी शास्त्रज्ञांसाठी आचारसंहिता मांडली. ती पाळायची सक्ती अर्थातच कुणावर नव्हती.

बॉम्ब बनवायला नकार देणं जगाला दिसतं. सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या सपाट पठारावर, काय उगवतं ते न पाहता अहवाल लिहिणं कोणाच्या नजरेत येत नाही. उन्हाळ्यात सडा काळाठिक्कर, तापलेला कातळ असतो, हे खरं. पण पावसाळ्यात तिथेच सीतेची आसवं निळी-जांभळी फुलतात, आणि दिपकाडीसारखी कोकणापलीकडे न सापडणारी झाडंही. पाहणी मे महिन्यात उरकली तर यातलं काय हाती लागणार?

पश्चिम घाटाच्या पर्यावरणासाठी केंद्राने नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात यावर थेट बोट ठेवलं: प्रकल्पांचे अहवाल जैवविविधतेत कच्चे असून पश्चिम घाटातले समृद्ध सडे ओसाड म्हणून उडवून लावतात. खुद्द समितीचा अहवालही केंद्राने दाबून ठेवला होता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, मे २०१२ मध्ये, तो लोकांपुढे आला.

आता प्रकल्पांचे अहवाल बनवणाऱ्या सल्लागार संस्थांना मान्यता घ्यावी लागते, तज्ज्ञांना अहवालात आपलं प्रतिज्ञापन जोडावं लागतं. त्यांची फी मात्र अजून प्रकल्पवालाच देतो.