गोवळकोंडा किल्ला (हैदराबादची सहल)

गोवळकोंडा हा हैदराबादच्या पश्चिमेला ग्रॅनाइटच्या टेकडीवर बांधलेला किल्ला. दोन-तीन दिवसांच्या हैदराबाद ट्रिपमध्ये चारमिनार, बिर्याणी आणि गोवळकोंडा हे तिन्ही ठरलेलंच असतं. मूळ किल्ला काकतीय राजांच्या काळातला मानतात, पण आज दिसतं ते बरंचसं कुतुबशाहीचं (1518 ते 1687) बांधकाम आहे. गोवळकोंडा हिऱ्यांसाठी प्रसिद्ध, पण खाण इथे एकही नव्हती बरं का, कोल्लूर वगैरे खाणींतले हिरे इथल्या बाजारात यायचे म्हणून नाव झालं.

बाहेरच्या तटातल्या फतेह दरवाज्याला हत्तींनी धडक देऊ नये म्हणून लोखंडी खिळे ठोकलेत आणि त्याच दरवाज्यातून आजही रिक्षा, स्कूटर जातात, त्यामुळे रविवारी तिथे ट्रॅफिक तुंबतो. तिकीट काढून आत शिरायचं ते बाला हिसार दरवाज्याने. इथे घुमटाखाली उभं राहून टाळी वाजवली की ती वर टेकडीच्या माथ्यावर ऐकू येते, पहारेकऱ्यांचा निरोप असा पोचायचा. गाईड टाळी वाजवून दाखवतो, मग सगळेच वाजवायला लागतात आणि वरच्याला कुणाची कुठली टाळी ते काही कळत नाही. दोन पावलं बाजूला सरकून वाजवून बघा, आवाज लगेच मरतो, खरी गंमत त्यात आहे.

माथ्यावर जायला साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. आपल्याकडे राजगड-तोरणा करणाऱ्यांना हे काहीच नाही, पण एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या दगडातून चढणं म्हणजे शिक्षाच. वाटेत रामदासाची कोठडी लागते. हा समर्थ रामदास नव्हे, तेलुगू रामभक्त कंचर्ला गोपन्ना, सरकारी वसुलीचा पैसा भद्राचलमच्या राममंदिरावर खर्च केला म्हणून कैदेत पडला. भिंतीवरच्या मूर्ती त्यानेच कोरल्या असं सांगतात. वर महाकालीचं देऊळ आणि बारादरी (दरबाराचा मंडप) आहे, आषाढातल्या देवीच्या बोनालू सणाची सुरुवात याच देवळापासून होते.

लोक धावत वर जातात, सेल्फी काढतात आणि उतरतात, त्यात पाण्याची व्यवस्था बघायची राहूनच जाते. दुर्गम चेरुवू तलावाचं पाणी (हो, आयटीवाल्यांच्या केबल ब्रिजवाला तोच) किल्ल्यात आणायचे आणि रहाटाने एका हौदातून वरच्या हौदात असं टप्प्याटप्प्याने चढवायचे, भिंतीत मातीचे नळ अजून कुठेकुठे उघडे पडलेले दिसतात.

मराठी माणसाला इथे दोन गोष्टी माहीत हव्यात. 1677 मध्ये दक्षिण दिग्विजयाला निघालेले शिवाजी महाराज अबुल हसन कुतुबशहाला, म्हणजे तानाशाहाला, भेटले ते भागानगरात, म्हणजे आताच्या जुन्या हैदराबादेत. आणि दहा वर्षांनी औरंगजेबाने आठेक महिने वेढा घालूनही हा किल्ला लढून पडला नाही, आतल्याच माणसाने फितुरीने दरवाजा उघडला. तानाशाहाला मग आपल्याकडच्या दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं, तिथेच तो मेला.

संध्याकाळी लाइट अँड साउंड शो असतो, डासांचं क्रीम न्या. शोआधी वेळ उरला तर बंजारा दरवाज्यापासून साधारण किलोमीटरभरावर कुतुबशाही मकबरे आहेत, आगाखान ट्रस्टच्या मदतीने दुरुस्त झालेत आणि गर्दी किल्ल्यापेक्षा कमी असते.