पोलादाची चुंबकीय चाचणी : मापनत्रुटी आणि सहसंबंध

पोलादाचा तुकडा न कापता, न ठोकता, केवळ त्याच्या चुंबकीय गुणांवरून त्याचा कठीणपणा ओळखण्याच्या पद्धतीत चुंबकीय गुण आणि कठीणपणा या दोन्ही बाजूंच्या मोजमापांत यादृच्छिक त्रुटी असतात आणि त्यांमुळे सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन राशी किती जुळून बदलतात हे सांगणारा आकडा, प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. या परिणामाला सहसंबंधाचे क्षीणन म्हणतात. पाणी दिलेल्या पोलादातील जे स्फटिकदोष आणि कार्बाइडचे कण त्याला कठीण करतात, तेच चुंबकीय डोमेनच्या, म्हणजे एकाच दिशेने चुंबकित असलेल्या सूक्ष्म भागांच्या, भिंतींची हालचालही अडवतात; म्हणून कोअर्सिव्हिटी, म्हणजे चुंबकित पोलादाचे चुंबकन शून्यावर आणण्यासाठी लागणारे उलट क्षेत्र, कठीणपणाबरोबर साधारणपणे वाढते. मध्यम आणि जास्त कार्बनच्या काही पोलादांत उच्च तापमानाच्या टेम्परिंगनंतर (पाणी दिल्यावर पुन्हा तापवण्यानंतर) हे नाते एकदिश राहत नाही, पण तो पदार्थाचा स्वभाव आहे, मोजणाऱ्याची चूक नव्हे.

क्षीणनाचे सूत्र चार्ल्स स्पीअरमन यांनी १९०४ मध्ये मानसशास्त्रातील मोजमापांसाठी मांडले. दिसणारा सहसंबंध म्हणजे खरा सहसंबंध गुणिले दोन्ही मोजमापांच्या विश्वसनीयतांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. विश्वसनीयता म्हणजे वाचनांतल्या एकूण चढउतारापैकी (विचलनाच्या वर्गात मोजलेल्या) खऱ्या फरकांचा वाटा. समजा, खरा सहसंबंध ०.९५ आहे आणि विश्वसनीयता ०.८ व ०.९ आहेत, तर हाती ०.८१ च्या आसपासच आकडा येतो. विश्वसनीयता मात्र एकट्या उपकरणाची नसते, हे बहुधा विसरले जाते. रॉकवेल मापनातील (टोक दाबून कठीणपणा मोजण्याच्या पद्धतीतील) त्रुटीचे प्रमाण विचलन १ अंक असेल, तर ज्या नमुन्यांच्या खऱ्या कठीणपणाचे विचलन ६ अंक आहे त्यांच्यावर विश्वसनीयता ०.९७ येते; एकाच घाणीतल्या (एका वेळी तयार झालेल्या), २ अंक विचलनाच्या मालावर तेच यंत्र ०.८ वर उतरते. प्रयोगशाळेत निवडक नमुन्यांवर नावाजलेली पद्धत कारखान्यात फिकी पडते ती पुष्कळदा एवढ्यामुळेच.

सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी हवामानही या हिशेबात येते. मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशीपार जातो आणि पहाटेच्या व दुपारच्या तापमानात दहा अंशांहून अधिक फरक पडतो. तांब्याच्या गुंडाळीचा रोध दर दहा अंशांमागे सुमारे ४ टक्के वाढतो. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या साध्या उपकरणात चुंबकन करणारा प्रवाह जवळजवळ तेवढाच घटतो. मऊ घाणी सकाळी आणि कठीण घाणी दुपारी तपासल्या, तर ही त्रुटी यादृच्छिक न राहता कठीणपणाच्या क्रमाशी जुळते आणि सहसंबंध खरा नसलेल्या दिशेनेही ओढू शकते. म्हणून नमुने चिठ्ठ्या टाकून मिसळावेत. सर्व नमुन्यांना सारखीच लागणारी स्थिर चूक सहसंबंध बदलत नाही. प्रोबखाली (पोलादावर टेकवायच्या मापकाच्या टोकाखाली) उरलेली खपली किंवा खडबडीत पृष्ठभागामुळे नमुन्यागणिक बदलणारी फट मात्र बदलते.

प्रत्येक नमुन्यावर चार वाचने घेऊन सरासरी काढल्यास वरील उदाहरणातील ०.८ ची विश्वसनीयता ०.९४ होते, कारण त्रुटीचे प्रसरण (विचलनाचा वर्ग) चौथ्या हिश्श्यावर येते. अर्थात चारही वेळा प्रोब उचलून पुन्हा ठेवला पाहिजे. तो जागचा न हलवता घेतलेल्या वाचनांत फटीची त्रुटी तशीच राहते. विश्वसनीयता कमी अंदाजली, तर सूत्राने दुरुस्त केलेला सहसंबंध १ च्या वरही जाऊ शकतो आणि मग अंदाज चुकल्याची शंका येते. दुरुस्ती बरोबर असली तरी ती दोन गुणांमधले नाते सांगते, समोरच्या एका नगाचा कठीणपणा नाही. तो नग पास की नापास हे ठरवताना दिसणारा, न दुरुस्त केलेला सहसंबंधच वापरावा लागतो.