स्टीम मशीन

स्टीम मशीन : दिवाणखान्यातील टीव्हीला जोडून खेळण्यासाठी बनवलेला आणि लिनक्स या खुल्या, विनामूल्य कार्यप्रणालीवर आधारलेली स्टीमओएस ही कार्यप्रणाली वापरणारा गेमिंग संगणक. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू येथे असलेल्या आणि स्टीम हे ऑनलाइन गेमविक्रीचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २०१३ मध्ये ही कल्पना जाहीर केली, १० नोव्हेंबर २०१५ रोजी ही यंत्रे बाजारात आली आणि २०१८ उजाडेपर्यंत ती जवळजवळ दिसेनाशी झाली. स्टीम मशीन हे एका यंत्राचे नाव नव्हते. कार्यप्रणाली आणि कंट्रोलर व्हॉल्व्हचा, तर पेटी कशी बनवायची, तिच्यात काय बसवायचे आणि किती किमतीला विकायची हे निरनिराळ्या उत्पादकांनी ठरवायचे, अशी ही वाटणी होती. पुढे जे घडले त्यातला बराच भाग या वाटणीनेच ठरवला.

पूर्वपीठिका : टीव्हीखाली लिनक्स बसवण्याचे प्रयत्न याआधीही झाले होते. अमेरिकेतील इंड्रेमा या कंपनीने २००० च्या सुमारास लिनक्सवर चालणारा कन्सोल जाहीर केला, पण भांडवलाअभावी एप्रिल २००१ मध्ये ती बंद पडली आणि यंत्र विक्रीला आलेच नाही. सोनीने प्लेस्टेशन २ साठी लिनक्सचा संच विकला आणि प्लेस्टेशन ३ वर दुसरी कार्यप्रणाली बसवण्याची सोय ठेवली, मात्र ही सोय एप्रिल २०१० मधील अद्ययावतीकरणाने काढून घेतली. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सचाच गाभा असल्याने औया हा ९९ डॉलरचा कन्सोलही याच परंपरेत मोजावा लागतो. २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर त्याला सुमारे ८६ लाख डॉलर मिळाले, २०१३ मध्ये तो दुकानांत आला, परंतु मोबाइलवरचे छोटे खेळ मोठ्या पडद्यावर खेळण्यासाठी स्वतंत्र यंत्र घ्यायला लोक तयार झाले नाहीत. २०१५ मध्ये रेझर कंपनीने औयाचा गेमविक्रीचा भाग विकत घेतला आणि २०१९ मध्ये त्याचे ऑनलाइन दुकानही बंद झाले.

या सर्वांपेक्षा महत्त्वाचा दुवा मात्र लोकी सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीचा आहे. १९९८ मध्ये सुरू झालेली ही कंपनी विंडोजवरचे गाजलेले गेम लिनक्सवर आणून विकत असे. तो व्यवसाय २००२ च्या आरंभी बंद पडला, पण तेथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांनी लिहिलेली एसडीएल ही लायब्ररी (तयार कोडचा संग्रह), म्हणजे चित्र, आवाज आणि कंट्रोलर यांच्याशी सर्व कार्यप्रणालींवर एकाच पद्धतीने बोलण्याची सोय, मागे राहिली आणि वाढत गेली. दहा वर्षांनी लँटिंगा व्हॉल्व्हमध्ये दाखल झाले, तेव्हा लिनक्सवर गेम आणण्याची निम्मी अवजारे तयारच होती.

व्हॉल्व्हला लिनक्सकडे वळवणारे कारण व्यापारी होते. कंपनीचे सहसंस्थापक गेब न्यूएल यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये १३ वर्षे काढली होती आणि २००३ मध्ये सुरू झालेले स्टीम हे त्यांचे ऑनलाइन गेमविक्रीचे दुकान जवळजवळ संपूर्णपणे विंडोजच्या जमिनीवर उभे होते. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान आणले. उद्या कार्यप्रणालीचा मालकच शेजारी दुकान थाटून आपली वाट अडवू शकेल, ही भीती अनाठायी नव्हती, आणि त्याच वर्षी जुलैत न्यूएल यांनी विंडोज ८ हे संगणकव्यवसायावरील अरिष्ट असल्याचे जाहीरपणे सांगितले. ऑगस्टमध्ये कंपनीने आपला लेफ्ट ४ डेड २ हा गेम एकाच यंत्रावर लिनक्समध्ये सेकंदाला ३१५ आणि विंडोजमध्ये सुमारे २७० चित्रे काढतो, असे आकडे दिले. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर अधिकृतपणे आले आणि सप्टेंबरमध्ये एकाच आठवड्यात स्टीमओएस, स्टीम मशीन आणि स्टीम कंट्रोलर या तीन घोषणा झाल्या.

रचना : डेबियन या लिनक्सवितरणावर (लिनक्सच्या वापरायला तयार असलेल्या एका रूपावर) आधारलेली स्टीमओएस यंत्र सुरू होताच थेट स्टीमच्या टीव्हीसाठी केलेल्या मोठ्या अक्षरांच्या रूपात उघडत असे. ती विनामूल्य होती आणि कोणीही उतरवून घेऊ शकत होता. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतील ३०० निवडक वापरकर्त्यांना नमुना यंत्रे पाठवण्यात आली, तर जानेवारी २०१४ मध्ये लास व्हेगास येथील प्रदर्शनात एलियनवेअर, झोटॅक, गीगाबाइट, आयबायपॉवर, फाल्कन नॉर्थवेस्ट आदी उत्पादकांनी आपापल्या पेट्या मांडल्या. त्यांच्या किमती ४९९ डॉलरपासून सुमारे ६,००० डॉलरपर्यंत पसरल्या होत्या. बाहेरून सर्व स्टीम मशीनच, पण आतला प्रोसेसर, ग्राफिक कार्ड आणि रॅम प्रत्येकाची वेगळी. कन्सोल घेणाऱ्याला एक आश्वासन मिळते की त्या नावाने विकला जाणारा प्रत्येक गेम त्याच्या यंत्रावर नीट चालेल. येथे ते आश्वासन देणारे कोणी नव्हते, आणि या योजनेतील हा सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

कंट्रोलर मात्र खरोखर विचार करून घडवलेला होता. संगणकावरचे असंख्य गेम माउसशिवाय खेळताच येत नाहीत, आणि सोफ्यावर माउस ठेवायला जागा नसते. म्हणून उजव्या अंगठ्याखालची नेहमीची काठी (जॉयस्टिक) काढून तेथे बशीसारखी किंचित खोलगट, गोल स्पर्शपट्टी बसवण्यात आली. डावीकडे तशीच दुसरी पट्टी, तिच्या खाली एक काठी, मागच्या बाजूला मुठीत बोटे येतात तेथे दोन दाबकळा, आणि प्रत्येक पट्टीखाली लहान कंपक. अंगठा सरकवला की कंपक बारीक टिकटिक देत, त्यामुळे गुळगुळीत पृष्ठभागावरही आपण किती अंतर सरकलो हे हाताला कळे. एकेका खेळासाठी ही मांडणी बदलता येत असे आणि खेळाडू आपल्या मांडण्या एकमेकांना देत असत. काठीवर हात बसलेल्यांना ती आत्मसात करायला वेळ लागे, पण डावपेचांचे खेळ पलंगावर बसून खेळण्याची एवढी चांगली सोय त्याआधी कोणी केली नव्हती. हा कंट्रोलर हवा तसा होईना म्हणूनच २०१४ मधील विक्री वर्षभर पुढे ढकलावी लागली. तोवर एलियनवेअरने आपली पेटी अल्फा या नावाने विंडोज ८.१ घालून विकायला काढलीही होती.

ऱ्हास : नोव्हेंबर २०१५ मध्ये यंत्रे दुकानांत आली तेव्हा स्टीमवर लिनक्ससाठी सुमारे दीड हजार गेम होते. संख्या लहान नव्हती, परंतु लोक ज्यांच्यासाठी यंत्र घेतात ते गेम त्यांत नव्हते. जीटीए ५ नव्हता. द विचर ३ चा उल्लेख स्टीमच्या जाहिरातीत असूनही तो लिनक्सवर आला नाही. बॅटमॅन : अर्कम नाइटची लिनक्स आवृत्ती फेब्रुवारी २०१६ मध्ये रद्द झाली. जे गेम आले त्यांतले अनेक विंडोजच्या डायरेक्टएक्स या ग्राफिक प्रणालीवरून लिनक्सवर चालणाऱ्या ओपनजीएल या प्रणालीत उतरवलेले असल्याने त्याच यंत्रावर विंडोजपेक्षा मंद चालत. ही अडचण दूर करणारी व्हल्कन ही नवी ग्राफिक प्रणाली १६ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रसिद्ध झाली, म्हणजे यंत्रे विक्रीला आल्यानंतर तीन महिन्यांनी. पेटी आधी आली आणि खेळ मागे राहिले. एप्रिल २०१८ मध्ये स्टीमच्या दुकानातून स्टीम मशीनचा दुवा काढण्यात आला, तेव्हा ही यंत्रे हातोहात खपलेली नाहीत हे कंपनीनेही मान्य केले. त्याच वर्षाच्या अखेरीस टीव्हीला जोडायची स्टीम लिंक ही छोटी पेटी आणि २०१९ मध्ये कंट्रोलरही बंद झाला.

कोल्हापूरच्या संदर्भात : या यंत्रांची विक्री प्रामुख्याने अमेरिका, कॅनडा आणि युरोपात झाली. कोल्हापूरकरांना मात्र त्यामागची कल्पना परकी नव्हती. राजारामपुरी, शाहूपुरीतल्या दुकानांतून मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस, ग्राफिक कार्ड आणि कॅबिनेट निवडून संगणक ‘असेंबल’ करून घेण्याची येथील पद्धत जुनी आहे, आणि उद्यमनगरातल्या कारखानदारीवर वाढलेल्या शहराला तयार यंत्रापेक्षा आपल्या मापाने जुळवलेले यंत्र अधिक भरवशाचे वाटते यात नवल नाही. अशा घरात स्टीम मशीनसाठी फक्त स्टीमओएस उतरवून घेणे बाकी होते. पण तेथेच गाडी अडत असे. डिसेंबर २०१३ च्या पहिल्या आवृत्तीला युईएफआय (संगणक सुरू करणारी, बायोसच्या जागी आलेली नवी व्यवस्था) असलेला मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क आणि एनव्हिडियाचेच ग्राफिक कार्ड लागे. जुन्या बायोसचा मदरबोर्ड किंवा एएमडीचे कार्ड असेल, तर तेथेच थांबावे लागे. शिवाय बसवणी करताना संपूर्ण डिस्क पुसली जात असे. घरातला एकच संगणक मुलांच्या खेळासाठी, थोरल्यांच्या टॅलीसाठी आणि एमएस-सीआयटीच्या सरावासाठी वापरला जात असताना हे धाडस कोण करणार? एमएस-सीआयटीत विंडोज आणि ऑफिस शिकून निघालेल्या पिढीला लिनक्स ठाऊक असण्याचे कारणही नव्हते.

यापेक्षाही मोठी अडचण फुटबॉलची होती. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ अशा पेठापेठांतल्या संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरून जाणाऱ्या या शहरात टीव्हीसमोर दोघा मित्रांनी खेळायचा खेळ म्हणजे आधी फिफा. ईए कंपनीने ही मालिका लिनक्सवर कधी आणली नाही, आणि २०१५ मध्ये तर तिचे नवे गेम स्टीमवरही मिळत नव्हते. क्रिकेटचीही तीच गत : घरोघरी पोहोचलेला ईएचा क्रिकेट ०७ विंडोज आणि प्लेस्टेशन २ साठीच होता. जे यंत्र ना फिफा चालवते ना क्रिकेट, ते कितीही मोकळे आणि फुकट असले तरी येथील दिवाणखान्यात त्याला जागा मिळणे अवघड होते. त्याच सुमारास, नोव्हेंबर २०१५ मध्ये, स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या ही मात्र स्वागतार्ह गोष्ट घडली. तिचा लाभ अर्थातच विंडोज वापरणाऱ्यांना झाला.

नंतरचा काळ : यंत्रे संपली तरी त्यांच्यासाठी सुरू झालेले काम थांबले नाही, आणि या विषयातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. एकेका निर्मात्याला लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढा म्हणून विनवण्याऐवजी विंडोजचाच गेम न बदलता चालवावा, असे व्हॉल्व्हने ठरवले. विंडोजची सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालवणाऱ्या, १९९३ पासून चालत आलेल्या वाइन प्रकल्पात कोडवीव्हर्स कंपनीच्या साहाय्याने भर घालून, आणि डायरेक्टएक्सच्या आज्ञा व्हल्कनमध्ये बदलणाऱ्या डीएक्सव्हीके या स्वतंत्र प्रकल्पाला आधार देऊन, ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन प्रसिद्ध करण्यात आले. त्यामुळे हजारो गेम एकाएकी लिनक्सच्या आवाक्यात आले. फेब्रुवारी २०२२ पासून हातात मिळू लागलेले स्टीम डेक हे, सुरुवातीला ३९९ डॉलरपासून मिळणारे, हातयंत्र याच पायावर उभे राहिले. त्यातली स्टीमओएस डेबियन सोडून आर्च लिनक्सवर नव्याने रचलेली आहे, आणि या वेळी पेटी व्हॉल्व्हने स्वतः बनवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमवरील लिनक्स वापरकर्त्यांचे प्रमाण प्रथमच ३ टक्क्यांच्या वर गेले. पुढच्याच महिन्यात कंपनीने एएमडीच्या चिपवर चालणारे, स्वतःच्या घडणीचे, घनाकृती नवे स्टीम मशीन आणि नवा कंट्रोलर जाहीर केला.

काही दारे अजूनही बंद आहेत. ऑनलाइन खेळातील लबाडी पकडण्यासाठी विंडोजच्या गाभ्यात शिरणारी सॉफ्टवेअरे प्रोटॉनला पेलत नाहीत. त्यामुळे व्हॅलोरंट हा ऑनलाइन खेळ लिनक्सवर चालत नाही, फोर्टनाइटच्या निर्मात्यांनीही आपला खेळ लिनक्ससाठी खुला केलेला नाही, आणि २०२२ च्या फिफा २३ पासून ईएने असेच सॉफ्टवेअर लावल्याने फुटबॉलचा तो खेळही पुन्हा निसटला आहे. जुन्या असेंबल संगणकावर प्रयोग करू पाहणाऱ्याने आणखी एक बदल लक्षात घ्यावा : स्टीमओएसच्या पहिल्या आवृत्तीला एनव्हिडियाचे कार्ड हवे होते, तर आताची आवृत्ती एएमडीच्या यंत्रणेसाठी घडवलेली आहे, म्हणून एनव्हिडियाचे कार्ड असलेल्यांना फेडोरावर आधारलेले बझाइट हे स्वयंसेवकांनी चालवलेले वितरण अधिक सोयीचे पडते.