बुश कॅम्पिंग (विल्सन्स प्रॉमंटरी राष्ट्रीय उद्यान)

बुश कॅम्पिंग : गाडीरस्ता, वीज आणि दुकान मागे सोडून, पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल तेवढ्या सामानावर रानात तंबूत राहण्याची ऑस्ट्रेलियात रुळलेली पद्धत. समुद्रकाठच्या रानात भरती-ओहोटीही पाहावी लागते. याचा उत्तम अनुभव व्हिक्टोरिया राज्यातील विल्सन्स प्रॉमंटरी येथे मिळतो. स्थानिक लोक या भूशिराला नुसते ‘द प्रॉम’ म्हणतात.

हे उद्यान मेलबर्नच्या आग्नेयेला असून रस्त्याने तिथवरचे अंतर 200 किमीपेक्षा थोडे अधिक भरते. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचे दक्षिण टोक याच उद्यानात येते. डोंगर ग्रॅनाइटचे आहेत आणि यानाकी नावाच्या वालुकामय संयोगभूमीने ते मुख्य भूमीला जोडलेले आहेत. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती तेव्हा इथून टास्मानिया बेटापर्यंत जमीन सलग होती. आज मध्ये बासची सामुद्रधुनी आहे. किनाऱ्यावर सापडणारे शिंपल्यांचे ढीग आदिवासींच्या हजारो वर्षांच्या वावराची साक्ष देतात. जॉर्ज बास हा इंग्रज दर्यावर्दी 1798 मध्ये एका उघड्या होडीतून इथे आला. त्याच्या पाठोपाठ सील मारणारे आले, मग लाकूडतोडे. निसर्गअभ्यासकांनी लावून धरल्यामुळे 1898 मध्ये हा प्रदेश राखीव झाला. ते घडले नसते तर आज तंबू टाकायला हे रान उरले असते असे वाटत नाही.

टायडल रिव्हर या मुख्य तळावर गाडी जाते आणि तिथे नळ, न्हाणीघरे, दुकान अशी सोय आहे. बुश कॅम्पिंग सुरू होते ते त्याच्या पुढे. टेलिग्राफ सॅडल या खिंडीतून पूर्वेला सीलर्स कोव्हपर्यंत सुमारे 10 किमीची पायवाट आहे. वाटेत नेच्यांचे दाट ओले रान लागते, जळवा असतात, आणि शेवटी दलदलीवरून लाकडी फळ्यांचा मार्ग जातो. झाडी संपते आणि एकदम अर्धवर्तुळाकार किनारा समोर येतो. मात्र मुक्कामाची जागा त्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, सीलर्स क्रीकच्या पलीकडे आहे. ओहोटीला हा ओढा सहज पार होतो. भरतीला पाणी कमरेपर्यंत किंवा त्याहून वर चढते. त्यामुळे सकाळी किती वाजता निघायचे हे भरतीचे कोष्टक पाहूनच ठरवावे लागते. पुढे रेफ्यूज कोव्ह (शिडाच्या बोटींचे जुने आश्रयस्थान), लिटल वॉटरलू बे, 1859 चे ग्रॅनाइटचे दीपगृह आणि ओबेरॉन बे असा वळसा घालून टायडल रिव्हरला परतता येते. हा वळसा सहसा तीन-चार दिवसांत करतात.

परवाना आधी काढावा लागतो. तंबू नेमून दिलेल्या जागीच टाकायचा, आणि एका जागी सलग किती रात्री राहायचे यालाही मर्यादा आहे. तळांवर साधी शौचालये असतात, कचराकुंडी नसते. आणलेला कचरा परत न्यायचा. ओढ्याचे पाणी उकळून किंवा शुद्ध करूनच प्यायचे. कडक उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, काही ओढ्यांचा भरवसा नसतो. सह्याद्रीत हिंडलेल्या मराठी ट्रेकरने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : गडाखालच्या वाडीत पिठलं-भाकरी मिळते, तसे इथे वाटेत काहीही मिळत नाही. शिधा पूर्ण मोजून न्यावा.

शेकोटीला सक्त मनाई आहे. स्वयंपाक छोट्या गॅस-स्टोव्हवर करायचा. समुद्रकाठी शेकोटी नाही याचे अनेकांना वाईट वाटते, पण या उद्यानाने आगीचे फार सोसले आहे. 2005 मध्ये मुद्दाम लावलेली नियंत्रित आग हाताबाहेर गेली. फेब्रुवारी 2009 मध्ये वीज पडून पेटलेल्या वणव्यात 25,000 हेक्टरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ निम्मे उद्यान, जळाले. मार्च 2011 मध्ये अतिवृष्टीने पूल आणि रस्ते वाहून गेले. अडकलेल्या पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. तिथले हवामान असे आहे, म्हणून निघण्याच्या दिवशी वाटांची स्थिती आणि आगीचा इशारा पाहणे हा सामान बांधण्याइतकाच आवश्यक भाग आहे.

प्राण्यांची भीती बाळगण्यापेक्षा अन्न नीट झाकावे. करावाँग हा काळा, कावळ्यासारखा पक्षी चोचीने सॅकची चेन उघडतो, आणि वॉम्बॅट हा बिळात राहणारा जाडजूड शिशुधानी प्राणी (कांगारूसारखा पिशवीत पिल्लू वाढवणारा) अन्नाच्या वासाने तंबूचे कापड फाडू शकतो. त्यांना खाऊ घालणे निषिद्ध आहे. तसे केल्याने प्राणी माणसांच्या मागे लागतात आणि अखेर त्यांचेच नुकसान होते. उन्हात वाटेवर टायगर स्नेक किंवा कॉपरहेड साप दिसू शकतो. दोन्ही विषारी आहेत. थांबून त्यांना वाट द्यावी. बुटांचे तळवे घासून स्वच्छ करायचे असतात, कारण फायटॉफ्थोरा ही मुळे कुजवणारी बुरशीसारखी सूक्ष्मजीवप्रजाती चिखलातून पसरते आणि स्थानिक झाडेझुडपे मारते.

उद्यानाच्या उत्तर भागात टिन माइन कोव्ह, जॉनी सूई कोव्ह असे तळ आहेत. तिथे वाटा अस्पष्ट आहेत, पाणी तुटपुंजे आहे, आणि नकाशा व होकायंत्र वापरता येणाऱ्या अनुभवी लोकांनीच त्या बाजूला जावे. पहिल्यांदा येणाऱ्याने सीलर्स कोव्हची एक रात्र निवडावी.